शब्दांचा आडोसा : व्यवसायांच्या आणि भटक्यांच्या गुप्त बोलींची पार्श्वभूमी

१४५५ साली फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या दिजाँ शहरात चोरांच्या एका मोठ्या टोळीची चौकशी सुरू झाली. टोळीचं नाव 'कोकिय', म्हणजे शिंपला. चौकशी करणाऱ्या झाँ राब्युस्तेल या अधिकाऱ्यापुढे एक विचित्र अडचण होती. ही माणसं फ्रेंचच बोलत, पण त्यातले नेमके मोक्याचे शब्द बाहेरच्या कुणाला कळत नसत. शेवटी शहरातल्या एका न्हाव्यानं माहिती दिली. त्यानं टोळीच्या लोकांत उठबस करून त्यांचे शब्द शिकून घेतले होते. ते कागदावर उतरवले गेले. खिसेकापूला ते 'द्राक्षं तोडणारा' म्हणत. न्यायदरबाराला 'चाक' म्हणत. पावाला म्हणत 'आर्तों'.

हा शेवटचा शब्द पाहून मी दर वेळी थांबतो. 'आर्तोस' म्हणजे ग्रीक भाषेतला पाव. बर्गंडीतल्या चोरांच्या तोंडी ग्रीक शब्द आला, म्हणजे त्यांच्या आधी कितीतरी माणसं तो शब्द पदराला बांधून रस्त्यारस्त्यानं चालली असणार. न्यायाधीशाला त्यात गुन्ह्याचा पुरावा दिसला. खरं तर तो प्रवासाचाही पुरावा होता.

गुप्त बोलींचा इतिहास वाचताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. या बोली बोलणाऱ्यांनी त्या लिहून ठेवल्या नाहीत. लिहिल्या तर त्यांचा उपयोगच संपला असता. आपल्यापर्यंत त्या पोचल्या त्या बहुतेक वेळा त्यांच्या मागावर असलेल्यांच्या हातून. कधी तो पोलीस होता, कधी दंडाधिकारी, कधी धर्मोपदेशक. त्यामुळे पाथरवट, विणकर, फेरीवाले, कल्हईवाले, गाणारे आंधळे, गुरांचे व्यापारी अशा साध्या कष्टकऱ्यांच्या बोलीही 'चोरांची भाषा' याच कप्प्यात जाऊन पडल्या.

जर्मन मुलखात या बोलीला 'रोटव्हेल्श' म्हणत. हा शब्द तेराव्या शतकाच्या मध्यापासून सापडतो. त्यातल्या 'व्हेल्श'चा अर्थ परकी, न कळणारी बोली. १५१० च्या सुमारास भिकाऱ्यांचे प्रकार सांगणारं एक छोटं पुस्तक निघालं, शेवटी शब्दसूची जोडलेलं. १५२८ मध्ये ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं ते स्वतःच्या प्रस्तावनेसह पुन्हा छापलं. अशा भटक्यांनी आपल्यालाही फसवलं आहे अशी कबुली त्यानं प्रस्तावनेत दिली. पण त्याच प्रस्तावनेत त्यानं आणखी एक विधान केलं : या भाषेत हिब्रू शब्द पुष्कळ आहेत, तेव्हा ती ज्यूंकडूनच आलेली असणार. शब्दांचं निरीक्षण बरोबर होतं. गावात स्थायिक व्हायला बंदी असलेले गरीब ज्यू आणि इतर भटके एकाच रस्त्यावर चालत, एकाच धर्मशाळेत झोपत. शब्दांची देवघेव होणारच. पहाऱ्यावर उभं राहण्याला जर्मनमध्ये आजही 'श्मिरे श्टेहेन' म्हणतात, त्यात हिब्रूतला पहाऱ्याचा शब्द 'श्मिरा' आहे. पण ल्यूथरच्या वाक्यातून वाचकाच्या मनात राहिलं ते एवढंच की ज्यू आणि चोर एकाच भाषेचे. पुढे १८५८ ते १८६२ या काळात ल्युबेकच्या आवे-लालमाँ या पोलीस अधिकाऱ्यानं जर्मन गुन्हेगारीवर चार खंड लिहिले आणि त्यांत या बोलीचा फार बारकाईनं अभ्यास केला. त्याची विद्वत्ता मोठी होती. तरीही त्या खंडांचा विषय गुन्हेगारी हाच होता.

सगळ्याच नोंदी अशा नाहीत, हेही सांगायला हवं. दहाव्या शतकात अबू दुलफ नावाच्या अरब कवीनं 'बनू सासान' म्हणवणाऱ्या भटक्यांवर एक लांबलचक कविता रचली. त्यांत भिकारी होते, गारुडी होते, खोटे वैद्य होते. तिच्यात त्यांचे खास शब्द ठासून भरले होते, आणि अर्थही कवीनंच सांगितले. इराणमधल्या रय शहरातला विद्वान वजीर साहिब इब्न अब्बाद याला असल्या शब्दांचा मोठा नाद. कविता त्याच्यासाठीच होती. शब्दांच्या गोडीनं झालेली अशी नोंद विरळा, म्हणून ती मला फार मोलाची वाटते.

या बोली बनतात कशा? ऐकणाऱ्याला वाटतं, ही एक अख्खी परकी भाषा आहे. तसं जवळजवळ कधीच नसतं. वाक्याचा सांगाडा भोवतालच्या भाषेचाच राहतो. क्रियापदं तशीच चालतात, विभक्ती तशाच लागतात. बदलतात ती नामं, काही मोजकी क्रियापदं आणि आकडे. कारण लपवायचं असतं ते तेवढंच : वस्तू कोणती, भाव काय, समोरचा कसा आहे, पोलीस आला का. जुन्या मराठी शब्दकोशांत व्यापाऱ्या-दलालांची 'नंदभाषा' नोंदलेली आहे. तिच्यात एक म्हणजे केवली, दोन अवारू, तीन उधानू, चार पोकू, पाच मुळू, सहा शेली, सात पवित्र, आठ मंगी आणि दहा अंगुळू. रुपयाला भुरका. गिऱ्हाईक समोर उभं असताना दोन दलालांनी वाक्यात एवढे शब्द पेरले की बाकी सगळं मराठी असूनही गिऱ्हाइकाला काहीच कळत नसे. गुप्त बोलीतला सर्वांत जपलेला भाग आकड्यांचा असतो, आणि हे केवळ इथलं नाही.

कैरोच्या सोनारांची गोष्ट घ्या. त्यांच्या धंद्याच्या बोलीत आकडे हिब्रू आहेत. तिथल्या सोनारकामात कराईट या पंथाच्या ज्यूंचा मोठा वाटा होता, त्यांच्याकडून ते आले. विसाव्या शतकात ज्यू कुटुंबं इजिप्त सोडून गेली, पण मागे राहिलेले मुसलमान आणि ख्रिस्ती सोनार ते आकडे वापरत राहिले. बव्हेरियातल्या शोपफ्लोख गावात असंच घडलं, अधिक दुःखद रीतीनं. तिथल्या ज्यू गुरेव्यापाऱ्यांच्या बोलीला 'लाखूदिश' म्हणत. मूळ हिब्रू शब्द 'लशोन हकोदेश', म्हणजे पवित्र भाषा. प्रार्थनेची भाषा गुरांच्या बाजारात उतरली होती. नाझी काळात गावातले ज्यू नाहीसे झाले, आणि ते शब्द त्यांच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या तोंडी उरले.

भाव लपवायला कधीकधी शब्दही नको असतो. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या हिरेबाजारात फिरलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानं तिथले सौदे वर्णिले आहेत. खरेदीदार आणि विक्रेता समोरासमोर बसत. कमरेच्या शेल्याखाली हात झाकून घेत. पूर्ण हात धरला तर हजार, पाच बोटं धरली तर पाचशे, एक बोट म्हणजे शंभर. बोटाच्या मधल्या पेरापर्यंत धरलं तर पन्नास, टोकाचं पेर धरलं तर दहा. आजूबाजूला माणसं बसलेली असताना एकच माल अनेकदा हात बदले आणि कोणत्या भावानं हे कुणालाच कळत नसे. करपल्लवी, नेत्रपल्लवी हे आपले शब्द किती नेमके आहेत ते असं वाचताना जाणवतं.

शब्द लपवण्याची दुसरी रीत म्हणजे नेहमीचाच शब्द मोडून पुन्हा जोडणं. पॅरिसच्या खाटकांनी एकोणिसाव्या शतकात 'लुशेबेम' बनवली. शब्दाचं पहिलं व्यंजन उचलून शेवटी न्यायचं, त्याच्या जागी 'ल' बसवायचा आणि शेवटी 'एम' किंवा 'ओक'सारखं शेपूट लावायचं. बुशे, म्हणजे खाटीक, याचं झालं लुशेबेम. फू म्हणजे वेडा. त्याचं झालं लूफोक, आणि तो शब्द आज विक्षिप्त माणसासाठी फ्रेंच कोशात सन्मानानं बसला आहे. मराठी मुलांच्या 'च'च्या भाषेत 'कमळ'चं 'चमळक' होतं, तीच ही युक्ती, फक्त 'ल'च्या जागी 'च'. लंडनचे भाजी-फळांचे फेरीवाले शब्द उलटे म्हणत. पत्रकार हेन्री मेह्यूनं १८५१ मध्ये त्यांची ही बोली नोंदवली. 'बॉय'चं 'यॉब' झालं, आणि यॉब आजही उद्धट पोरासाठी इंग्रजीत आहे. चिनी भाषेत व्यंजन आणि स्वर वेगळे करून त्यांना नवे जोडीदार देण्याची पद्धत होती. युआन रेन चाओ या भाषाशास्त्रज्ञानं १९३१ मध्ये अशा आठ बोलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या बोली वरवर पोरखेळ वाटतात. पण बोलणारा दिवसभर त्याच वेगात बोलत असला, तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. वेग हाच त्यांचा कुलूपबंद दरवाजा.

सगळ्यांत देखणी मोडतोड मला आयर्लंडच्या फिरस्त्यांच्या बोलीत दिसते. कल्हई, पत्र्याची भांडी, घोड्यांचा व्यापार करत फिरणाऱ्या या समाजाची बोली बाहेरच्यांना 'शेल्टा' नावानं माहीत झाली. बोलणारे स्वतः तिला 'कॅन्ट' किंवा 'गॅमन' म्हणतात. चार्ल्स लेलँड या अमेरिकनाला ती १८७६ मध्ये एका वाटसरूच्या तोंडी ऐकू आली. नंतर लिव्हरपूलचे ग्रंथपाल जॉन सॅम्पसन आणि केल्टिक भाषांचे पंडित कुनो मायर यांनी तिचा माग काढला. तेव्हा दिसलं की तिच्यातले कितीतरी शब्द जुन्या आयरिशला उलटंपालटं करून घडवलेले आहेत. 'पोग' म्हणजे चुंबन, त्याचं 'गोप'. 'दोरस' म्हणजे दार, त्याचं 'रोदस'. 'मॅक' म्हणजे मुलगा, त्याचं 'कॅम'. वाक्यरचना मात्र इंग्रजी. शब्द घडले तेव्हा घडवणारे आयरिश बोलत असणार, हे त्यातून उघड होतं. लोकांनी स्वतःची भाषा आधी लपवली. पुढे ती लपवलेलीच तेवढी त्यांच्याजवळ राहिली.

आता रोमा लोकांकडे यावं लागतं, कारण इथे सर्वांत मोठी गफलत झाली. युरोपात जिप्सी म्हणून हिणवल्या गेलेल्या या समाजाची रोमानी भाषा ही कुणी मुद्दाम रचलेली सांकेतिक बोली आहे, असं कित्येक शतकं मानलं जात होतं. कुणी म्हणे ती चोरांनी बनवली, कुणी म्हणे ती निव्वळ बडबड आहे. १७८२ मध्ये जर्मनीतल्या हाले शहरात योहान रुडिगर या अभ्यासकानं एक साधी गोष्ट केली. एका रोमा स्त्रीकडून वाक्यांचे अनुवाद करून घेतले आणि ते हिंदुस्तानीच्या व्याकरणाशी ताडून पाहिले. दोन्ही भाषा एकाच घरच्या निघाल्या.

मराठी वाचकाला तर कोशाचीही गरज पडणार नाही. रोमानीत नाक म्हणजे 'नख', कान म्हणजे 'कन', माणूस म्हणजे 'मनुश', काळा म्हणजे 'कालो', पाणी म्हणजे 'पानी', सुरी म्हणजे 'छुरी'. द्राक्षाला 'द्राख' म्हणतात. मिठाला 'लोन', आपल्या लवणाचं सख्खं भावंड. जिभेला 'छिब', आणि भाषेलाही 'छिब'च. आकडे दुई, त्रिन, श्तार, पांज, आणि दहाला देश. भावाला 'फ्राल' म्हणतात, म्हणजे आपला भ्राता. इंग्लंडमध्ये त्याचा 'पॅल' झाला आणि आज इंग्रजीत मित्राला तो शब्द सर्रास वापरतात. हजार वर्षांहून जुनी ताटातूट, मधे इराण, आर्मेनिया, ग्रीस, आणि तरी घरगुती शब्द शाबूत. रोमानीत फारसी, आर्मेनियन आणि ग्रीक शब्द ज्या थरांनी साचले आहेत, त्यांवरून या लोकांचा मार्गही काढता येतो. दुसरी कागदपत्रं त्यांच्याजवळ नव्हती.

तेव्हा रोमानी ही गुप्त बोली नव्हे. ती स्वतःचं पूर्ण व्याकरण असलेली मातृभाषा आहे. पण छळ वाढला, व्याकरण झिजलं, तेव्हा काही देशांत ती गुप्त बोली बनली. इंग्लंडमध्ये इंग्रजी वाक्यात रोमानी शब्द, स्पेनमध्ये स्पॅनिश वाक्यात रोमानी शब्द. स्पेनमधल्या या बोलीला 'कालो' म्हणतात. अशा अवस्थेला भाषेचा ऱ्हास म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द पटत नाही. आई-वडिलांची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असताना जेवढं वाचवता आलं, तेवढं त्यांनी वाचवलं.

रोमानी ही घरची भाषा असून गुप्त बोली बनली. याच्या उलट, घरात न बोलली जाणारी एक बोली चीनच्या शिनच्यांगमध्ये, तारीम खोऱ्याच्या कडेला आहे : 'अयनू'. व्याकरण तिथल्या उइगुर भाषेचं, शब्द बहुतांशी फारसी. ती फक्त प्रौढ पुरुष बोलतात, तेही घराबाहेर, परक्यांसमोर. घरात उइगुर.

व्यवसायांच्या बोलींचा भूगोल पाहिला की एक गोष्ट नजरेत भरते. एका जागी बसून काम करणाऱ्यांपेक्षा, हंगामात गाव सोडून बाहेर पडणाऱ्यांमध्ये त्या अधिक फोफावल्या. स्पेनच्या गॅलिसियातले पाथरवट चर्च आणि पूल बांधत फिरत. त्यांच्या बोलीचं नाव 'व्हेर्बो दोस आर्शिनास'. आर्शिना म्हणजे पाथरवट, आणि बास्क भाषेत पाथरवटाला 'हार्गिन' म्हणतात. त्याच भागात औरेन्सेचे धार लावणारे सहाणेचं चाक ढकलत देशभर जात, त्यांची 'बाराय्येते'. सेगोव्हिया प्रांतातलं कांतालेखो गाव गारगोटीचे दात बसवलेल्या मळणीच्या फळ्या बनवून विके. त्या विक्रेत्यांची 'गासेरिया'. आयर्लंडच्या गवंड्यांची वेगळी, ग्रीसच्या एपिरसमधल्या गवंड्यांची वेगळी. परक्या गावात मालक समोर उभा असताना मजुरी किती मागायची, दगड खराब आहे हे सोबत्याला कसं सांगायचं, मालक पैसे बुडवणारा आहे की सरळ, हे ठरवायला या बोली होत्या. त्यात गुन्हा कुठला? कामगारांना आपसात सल्लामसलत करायची दुसरी जागाच नव्हती.

आणखी एक कारण होतं, कारागिरीची राखण. बोली शिकवणं हा शागिर्दीचा भाग असे. ज्याला शब्द येत, तो आपला. नवख्याला आधी बोली देत, मग हत्यारं देत, असं म्हटलं तरी चालेल.

रशियातल्या 'ओफेन्या' फेरीवाल्यांची हकिगत फार दूरवर पोचते. व्लादिमिर प्रांतातली ही माणसं पाठीवर पेटारा घेऊन देवप्रतिमा, पुस्तकं, सुया-दोरे विकत शेकडो कोस हिंडत. त्यांच्या बोलीतही ग्रीक डोकावतं : दहाला 'देकान', ग्रीक 'देका'वरून. रेल्वे आणि दुकानं आली, फेरीचा धंदा बसला. पण त्यांचे शब्द तुरुंगांत शिरले आणि रशियन गुन्हेगारांच्या बोलीला नावच मिळालं 'फेन्या'. व्यापाऱ्यांची बोली कैद्यांच्या हाती गेल्याचं हे ठळक उदाहरण, आणि आज रशियनात 'फेन्या' म्हटलं की कुणाला पेटारेवाला आठवत नाही.

वायव्य जर्मनीतल्या मेटिंगेनच्या परिसरातले लिननच्या कापडाचे फिरते व्यापारी मात्र दुसऱ्या टोकाला पोचले. ते दर वर्षी नेदरलँड्समध्ये जात, आपसात 'हुम्पिश' नावाची बोली बोलत. त्यांच्यातल्या ब्रेनिंकमायर घराण्यातल्या क्लेमेन्स आणि आउगुस्ट या भावांनी १८४१ मध्ये स्नेक गावी दुकान थाटलं. 'सी अँड ए' ही कापडदुकानांची साखळी तिथून सुरू झाली.

भीतीपोटी बनलेल्या बोलींचा एक वेगळा गट आहे. त्यात श्रोता माणूस नसतोच. मलाया द्वीपकल्पात जोहोरच्या जंगलात कापूर गोळा करणारे जाकुन लोक झाडाच्या देवतेला कळू नये म्हणून कामाच्या दिवसांत वेगळेच शब्द वापरत. स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवरचे मच्छीमार बोटीवर 'पाद्री' हा शब्द उच्चारत नसत. त्याला 'उभा राहणारा' म्हणत, कारण तो व्यासपीठावर उभा राहतो. समुद्राला काय ऐकवायचं आणि काय नाही, याचे नियम त्यांनी काटेकोर पाळले.

आपल्या परंपरेत सांकेतिक बोलण्याला चोरीचा डाग नव्हता. महाभारताच्या आदिपर्वात पांडव वारणावताला निघतात, तेव्हा विदुर युधिष्ठिराला भर लोकांत असं काही सांगतो की इतरांना ते कळत नाही. वणवा लागला तरी बिळात राहणारं साळिंदर वाचतं, असा त्यात इशारा असतो. लाक्षागृहातून सुटायचं ते भुयारानं. कुंती नंतर विचारते, तो काय म्हणाला? वात्स्यायनानं कामसूत्रात चौसष्ट कलांमध्ये 'म्लेच्छितविकल्प', म्हणजे सांकेतिक बोलण्या-लिहिण्याची कला, गणला आहे. टीकाकार यशोधरानं त्याचे प्रकार देताना 'मूलदेवीय' ही अक्षरांच्या अदलाबदलीची रीत सांगितली : अ आणि क, ख आणि ग, त आणि प यांनी एकमेकांची जागा घ्यायची. मूलदेव हा कथांमधला धूर्तांचा राजा. महानुभाव पंथाच्या साधूंनी, जे सतत अटन करत, आपले ग्रंथ 'सकळ' आणि 'सुंदरी' यांसारख्या लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली आणि मराठीतलं सर्वांत जुनं गद्य वाचकांपुढे यायची वाट मोकळी झाली. एका पंथानं आपली श्रद्धा जपायला घातलेलं कुलूप, त्यामुळे आपल्या भाषेचा ठेवा टिकला.

हे चित्र इंग्रजी अमलात पालटलं. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३६ मध्ये ठगांच्या 'रामासी' बोलीची शब्दसूची कलकत्त्याला छापली. शब्द देणारे होते माफीचे साक्षीदार. कबुलीवर त्यांचा जीव टांगलेला होता. अशा माणसानं दिलेल्या शब्दकोशावर किती भार टाकायचा, हा प्रश्न इतिहासकारांनी नंतर विचारला आणि तो योग्यच होता. पण तोवर सरकारी मनात एक समीकरण पक्कं बसलं : ज्यांची बोली आम्हांला कळत नाही, ते संशयित. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मावरून गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. नावनोंदणी, हजेरी, गाव सोडायला परवाना. ज्यांचं पोटच फिरण्यावर, त्यांचं फिरणं गुन्हा झालं.

जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा अकरावा खंड १९२२ मध्ये निघाला, तो याच समाजांच्या बोलींचा. गारुडी, कोल्हाटी, कंजारी, साँसी, बेलदारी, भामटी, शिकलगारी, नटी अशी नावं त्यात ओळीनं येतात. काम मोलाचं आहे. यातल्या काही बोली खऱ्याखुऱ्या भाषा आहेत आणि काही मुद्दाम बदललेल्या शब्दांच्या, हा फरक त्यात केलेला आहे. तरीही पानं उलटताना मन खट्टू होतं, कारण त्या वेळी यांतल्या कित्येक समाजांची नावं पोलीस ठाण्याच्या नोंदवहीतही होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. 'विमुक्त' हा शब्द तेव्हापासूनचा. कायदा गेला, पण पारधी किंवा कंजारभाट आपसात काही बोलले की आजही ऐकणारा खिसा चाचपतो. ती माणसं त्यांची मातृभाषा बोलत असतात, घरी आई जी बोलते ती.

इंग्लंडमध्ये नाटकवाले, जत्रेतले खेळ करणारे आणि खलाशी यांच्याकडून 'पोलारी' नावाची बोली समलिंगी पुरुषांकडे आली. नाव इटालियन 'पार्लारे'वरून, म्हणजे बोलणे. समलिंगी संबंधांसाठी तुरुंग होता, त्यामुळे ट्रामध्ये शेजारी बसलेला माणूस आपल्यातला आहे का हे एखाद-दुसरा शब्द टाकून अजमावावं लागे. १९६५ पासून बीबीसी रेडिओवरच्या एका विनोदी कार्यक्रमानं ती घराघरांत पोचवली. १९६७ मध्ये इंग्लंड आणि वेल्सचा कायदा बदलला. गुपित फुटलं होतं आणि भीतीही ओसरली होती. नव्या पिढीनं ती बोली उचलली नाही. गुप्त बोली मेली याचं दुःख करायला नको अशी ही एकच जागा मला सापडते.

बाकी ठिकाणी तसं म्हणवत नाही. १९३६ नंतर बर्लिनमध्ये रॉबर्ट रिटर या डॉक्टरच्या हाताखाली वंशशास्त्राच्या नावानं एक केंद्र काम करू लागलं. जर्मनीतल्या सिंती (रोमांचीच एक शाखा) आणि रोमा कुटुंबांच्या वंशावळी तयार करणं हे त्याचं काम. त्याची सहायक एफा युस्टिन रोमानी शिकली होती. सिंती लोक तिला 'लोली चाय' म्हणत, म्हणजे तांबड्या केसांची मुलगी. आपली भाषा बोलणारी बाई म्हणून दारं उघडली गेली, आजोबा-पणजोबांची नावं सांगितली गेली. त्या याद्यांवरून माणसं ऑशविट्झच्या छळछावणीत गेली. मुल्फिंगेनच्या एका कॅथलिक अनाथगृहातली सिंती मुलं तिनं आपल्या प्रबंधासाठी अभ्यासली, आणि अभ्यास संपेपर्यंतच त्यांना तिथे ठेवलं गेलं. मे १९४४ मध्ये त्यांतल्या ३९ मुलांना ऑशविट्झला नेलं. चार वाचली.

स्वित्झर्लंडमध्ये येनिश फिरस्त्यांची मुलं १९२६ ते १९७३ या काळात एका धर्मादाय संस्थेच्या योजनेखाली घरातून उचलली गेली, सुमारे सहाशे. परक्या घरांत वाढलेल्या त्या मुलांना आईची बोली ऐकायला मिळाली नाही.

आयर्लंडनं १ मार्च २०१७ रोजी आपल्या फिरस्त्यांना स्वतंत्र वांशिक समाज म्हणून मान्यता दिली, आणि २०१९ मध्ये त्यांची कॅन्ट-गॅमन बोली राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तिथले तरुण आता ती मोकळेपणानं शिकू पाहतात. जर्मनीतल्या सिंतींनी मात्र वेगळा निर्णय घेतला आहे. त्यांच्यातली पुष्कळ कुटुंबं आपली भाषा बाहेरच्यांना शिकवत नाहीत. शाळेत नको, कोशात नको, अभ्यासकाच्या ध्वनिमुद्रणातही नको. बाहेरून कुणी विचारायला आलं, की घरातली वडीलधारी माणसं जर्मनमध्ये उत्तर देतात.